गोव्यातून लिस्बनला कुत्रा न्यायचाय? पेट रिलोकेशन सर्व्हिसला कशाचे पैसे द्यायचे आणि कशाचे नाही

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना सगळं वाचायला नको. मुंबईच्या पेट रिलोकेशन एजंटकडून सरकारी कागद आणि विमानाचं बुकिंग ही दोन कामं जरूर करून घ्या, त्यात ते लोक खरंच पक्के आहेत. घरून उचलून नेणं, क्रेट म्हणजे कुत्र्याचा विमानप्रवासाचा पिंजरा, आणि तिकडे पोचल्यावरचा 'सेटलिंग इन सपोर्ट' म्हणून जे विकतात ते घेऊ नका, ते आपलं आपल्याला जास्त चांगलं जमतं. पाचातले चार स्टार देते, एक का कापला तेही खाली आहे. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण मी ज्यांच्याज्यांच्याकडून कोटेशन मागवलं त्या सगळ्यांची पॅकेजेस जवळपास एकाच साच्यातली निघाली, त्यामुळे हे बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

आम्ही फोंड्याचे. नवऱ्याला लिस्बनला नोकरी लागली, तो पुढे गेला, मी आणि चिकू मागे राहिलो. चिकू गावठी, मार्दोळच्या रस्त्यावर पिल्लू असताना सापडलेला, आता अठरा-वीस किलोचा गडी झालाय. लोकांनी खूप सांगितलं की अगो कुणाकडे तरी ठेवून जा, गावठी आहे, कुठेही राहील. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. आपल्या आजूबाजूला पोर्तुगीज पासपोर्ट करून युरोपात गेलेली घरं किती आहेत बघा, आणि त्यातल्या काही घरांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, अजून तो कुत्रा बसलेला असतो, शेजारीण भात घालते, मालक दोन वर्षांनी चवथीला येतात. नेता येतो हो कुत्रा. वेळ लागतो, पैसे लागतात, पण येतो, आणि गावठी आहे म्हणून कुठलाही कायदा आड येत नाही. मी हे एवढं लांबण लावून लिहितेय ते त्यासाठीच.

आता वेळेचं, कारण एजंटवरची माझी पहिली तक्रार तिथूनच सुरू होते. फोनवर जो सेल्सवाला मुलगा होता तो सरळ म्हणाला मॅडम एका महिन्यात पोचवतो. एका महिन्यात होतच नाही! युरोपियन युनियनच्या हिशोबात भारत हा रेबीजचा धोका असलेल्या देशांमध्ये येतो, त्यामुळे क्रम असा की आधी मायक्रोचिप, पंधरा आकडी, आयएसओ स्टँडर्डची, मग रेबीजची लस, चिपच्या त्याच दिवशी चालते पण चिपच्या आधी दिलेली लस धरतच नाहीत, म्हणजे तुमच्या कुत्र्याला दरवर्षी नेमाने लस दिली असेल आणि चिप नसेल तर चिप लावून पुन्हा लस द्यायची. त्या लसीनंतर किमान ३० दिवस थांबायचं आणि मग रक्त काढायचं, त्यातलं सीरम ईयूने मान्यता दिलेल्या लॅबलाच जायला पाहिजे, दुसऱ्या कुठल्या लॅबचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. ह्याला टायटर टेस्ट म्हणतात, निकाल ०.५ आययू प्रति मिली किंवा त्याहून जास्त यायला हवा. आणि तो आला की लगेच निघालो असंही नाही, रक्त काढल्याच्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिन्यांच्या वर जातात. हे नंतर त्याच एजन्सीतल्या कागदपत्रं बघणाऱ्या बाईंनी मला नीट समजावलं, त्या बाई अतिशय हुशार आणि शांत, पण पैसे भरेपर्यंत त्यांच्याशी बोलायलाच मिळत नाही. एक स्टार कापला तो इथे.

गोव्याच्या लोकांना ह्यात एक गोष्ट लागते, मलाही लागली. २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी गोवा रेबीजमुक्त राज्य म्हणून जाहीर केलं, आपल्याकडे मिशन रेबीजच्या लोकांनी गावोगाव जाळी घेऊन फिरून कुत्र्यांना लसी दिल्यात, शाळांमध्ये जाऊन मुलांना शिकवलंय, ते काम आपण डोळ्यांनी बघितलंय. तरी युरोप राज्य बघत नाही, देश बघतो. चिकू फोंड्याचा असो की दुसऱ्या कुठल्या राज्यातला, तीन महिने तेवढेच. मला वाईट वाटलं पण नियम म्हणून तो समजण्यासारखा आहे, कारण लसीनंतर अँटीबॉडी तयार झाल्या की नाही ते टेस्टमध्ये दिसतं, पण कुत्र्याला आधीच लागण झालेली असेल तर ती बाहेर पडायला वेळ लागतो, त्यासाठीच ते थांबणं.

चिप, लस आणि रक्त हे तिन्ही आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे करा. एजंट म्हणेल मुंबईला आणा, आमचे डॉक्टर आहेत. गरज नाही. फक्त डॉक्टरांना आधी सांगा की युरोपसाठी आहे, म्हणजे लसीचा बॅच नंबर, तारीख, चिप नंबर सगळं एकाच पानावर आणि खाडाखोड न करता लिहितील. दुसरं, आपल्याकडे डॉक्टर जे छोटं पुस्तक देतात आणि ज्याला सगळे पेट पासपोर्ट म्हणतात ते लसीचं रेकॉर्ड म्हणून ठीक आहे, पण युरोपात त्याला पासपोर्ट मानत नाहीत, खरा ईयू पेट पासपोर्ट तिकडचा डॉक्टर तिकडेच देतो. आणि एकदा टायटर टेस्ट पास झाली की पुढचे बूस्टर वेळेवर देत राहिलात तर ती परत करावी लागत नाही, म्हणून बूस्टरची तारीख एक दिवसही चुकवू नका.

एजंटने पैसे वसूल केले ते पुढच्या टप्प्यात. परदेशी जाणाऱ्या प्राण्याला केंद्र सरकारच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन खात्याचं, म्हणजे एक्यूसीएसचं हेल्थ सर्टिफिकेट लागतं आणि त्यांचं ऑफिस गोव्यात नाही, आपल्याला मुंबई किंवा बंगळूर. त्यात ईयूचा जो ठरलेला नमुना आहे तोच भरायचा, जिथून युरोपात शिरणार त्या देशाच्या भाषेत आणि इंग्रजीत, आणि सरकारी डॉक्टरची सही-शिक्का झाल्यापासून १० दिवसांच्या आत तिकडे पोचायचं. त्याच १० दिवसांत विमानाची जागा पक्की हवी, लिस्बन विमानतळावरच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना किमान ४८ तास आधी कळवलेलं हवं, तिकडचा क्लिअरन्स एजंट तयार हवा. एक गोष्ट सरकली की सगळं सरकतं. ह्या लोकांनी हे असं जुळवलं की मला एकदाही एक्यूसीएसमध्ये परत या म्हणून सांगितलं गेलं नाही. आमच्यासमोर एक कुटुंब स्वतःच्या बळावर आलेलं, त्यांच्या फॉर्मवर चिप नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे झालेला आणि बिचारे सगळं पुन्हा टाइप करून आणायला धावले, विमान दुसऱ्या दिवशीचं. ते बघून मला माझे पैसे डोळ्यांसमोर वसूल होताना दिसले.

मार्ग निवडतानाही त्यांचा सल्ला कामाला आला. मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही, मध्ये बदलावं लागतं, युरोपातल्या शहरात बदललं तर तपासणी त्या पहिल्या शहरात होते, आखातातून गेलं तर थेट लिस्बनला. दोन्ही चालतं, फ्रँकफर्टला लुफ्थान्साचं प्राण्यांसाठी वेगळं अ‍ॅनिमल लाउंज आहे आणि लांबच्या प्रवासाला तो मार्ग बरेच जण घेतात. आम्ही आखातातून गेलो कारण तारीख तिकडची मिळत होती. पग, बुलडॉग, बॉक्सर असे चपट्या नाकाचे कुत्रे असतील तर मात्र विमान कंपन्यांचे नियम फार कडक आहेत, काही घेतच नाहीत, उन्हाळ्यात तर नाहीच, कारण त्यांना गरमीत श्वास घेणं जड जातं. तुमचा पग असेल तर पहिला प्रश्न एजंटला हाच विचारा. मालकाचाही एक नियम आहे, कुत्र्याच्या आधी किंवा नंतर ५ दिवसांच्या आत तुम्ही स्वतः प्रवास करायचा, नाहीतर तो व्यापारी माल धरला जातो आणि कागदच वेगळे लागतात. म्हणूनच मी मागे थांबले होते.

आता क्रेट. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते सगळ्या प्रवासात कुत्र्याच्या दृष्टीने हीच एक गोष्ट खरी आहे, बाकी सगळे कागद आपल्यासाठी. आयाटाचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम आहेत आणि माप घरच्या टेपने घेता येतं. कुत्रा सरळ उभा करायचा, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, त्यात कोपरापासून जमिनीपर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा, ही क्रेटची आतली लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट, ही आतली रुंदी. उंची डोक्याच्या किंवा उभ्या कानांच्या टोकापर्यंत, जे उंच असेल ते, आणि खाली जे अंथरणार त्याची जाडी वर. गावठीचे कान उभे असतात, ते विसरून डोक्यापर्यंतच माप घेतात लोक. आत त्याला नीट उभं राहता, वळता आणि अंग सैल सोडून झोपता आलं पाहिजे. चारी बाजूंनी हवा, दोन भाग लोखंडी नट-बोल्टने जोडलेले, चाकं असली तर काढलेली, पाण्याचं भांडं बाहेरून भरता येईल असं दाराला लावलेलं.

एजंटने दिलेल्या कोटेशनमध्ये क्रेट होता पण एक माप मोठा, म्हणाले मोठा बरा मॅडम, आरामात जाईल. हे ऐकू नका. विमान कंपनी वजन किंवा आकारमान यातलं जे जास्त भरेल त्याचे पैसे लावते, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये भागिले ६०००, असं ते आकारमानाचं वजन काढतात. करून बघा तुमच्या दोन मापांचं, फरक केवढा पडतो कळेल. शिवाय फार मोठ्या क्रेटमध्ये विमान हललं की कुत्रा आत इकडून तिकडे घसरतो. आम्ही मापाचा क्रेट वेगळा विकत घेतला, एजंटने तो यादीतून काढला, पैसे कमी केले, कुरकुर केली नाही हे त्यांचं चांगलं.

आणि क्रेट लवकर घेतला म्हणून सवय लावायला वेळ मिळाला. तीन महिने थांबायचंच असतं ना, ते क्रेटसाठी वापरा! सुरुवातीला दार काढून नुसता हॉलमध्ये ठेवला, आत माझी जुनी गोधडी, जेवण आतच. मग दार लावून पाच मिनिटं, मग मी दुसऱ्या खोलीत, मग रात्रभर. चिकूची खरी परीक्षा सकाळी व्हायची कारण पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, पोंपों हॉर्न ऐकला की हा गेटवर धावणार म्हणजे धावणार, त्याला उंडो पावाचा तुकडा मिळतो रोज. तर एक दिवस असा आला की पोंपों वाजला आणि हा क्रेटमध्येच उठून बसला, शेपटी हलवली आणि परत आडवा झाला, तेव्हा मला वाटलं आता हा जाऊ शकतो. सासूबाई रोज त्याला आत बसवून बाजूला खुर्ची टाकून वाल निवडत बसायच्या, बोलत राहायच्या त्याच्याशी. हे कुठला एजंट करणार? म्हणून म्हणते घरून पिकअप घेऊ नका, फोंडा ते मुंबई आम्ही स्वतःच्या गाडीने नेला, क्रेट मागच्या सीटवर बांधून, वाटेत थांबत थांबत, अनोळखी माणसाच्या टेम्पोतून त्याची सुरुवात झाली नाही.

गुंगीचं औषध देऊ नका. डॉक्टर देतो म्हणाले तरी नको, एअरलाइनही घेत नाही, उंचीवर रक्तदाब आणि श्वास दोन्हीवर त्याचा परिणाम होतो. निघायच्या आधी हलकं जेवण, ते पण काही तास आधी, आणि दाराच्या भांड्यात पाणी गोठवून ठेवलं तर हलवाहलवीत सांडत नाही, हळूहळू वितळतं. ही युक्ती त्या कागदपत्रंवाल्या बाईंचीच.

लिस्बनला कार्गोतून बाहेर यायला बराच वेळ गेला, सरकारी डॉक्टरने चिप स्कॅन केली, कागद ताडून बघितले, कस्टम झालं. एजंटचा तिकडचा माणूस सगळीकडे धावत होता आणि मला दर थोड्या वेळाने मेसेज टाकत होता, त्याबद्दल मनापासून आभार. चिकू बाहेर आला तो तहानलेला आणि जरा बावरलेला, पण उभा, शेपटी वर, क्रेट आतून कोरडा. नवऱ्याला बघून जे रडायला लागला, माणसंही अशी रडत नाहीत.

मग तो 'सेटलिंग इन सपोर्ट'. त्याचे पैसे एका दुसऱ्या गोवेकर कुटुंबाने दिले होते, त्यांना मिळालेली पीडीएफ मी बघितली, दोन-चार पानं, पार्कांचे फोटो आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांची यादी. खरं लागतं ते असं. घर बघतानाच मालकाला कुत्र्याचं सांगा आणि करारात लिहून घ्या, कायद्याने एका फ्लॅटमध्ये तीनपर्यंत कुत्रे चालतात पण मालक करारात नको म्हणू शकतो. तिकडच्या डॉक्टरकडे जाऊन चिप त्यांच्या एसआयएसी ह्या राष्ट्रीय नोंदवहीत चढवायची, मग त्या कागदावर आपल्या वॉर्डाच्या जुंता द फ्रेगेझियात, म्हणजे आपल्या पंचायतीसारखं जे ऑफिस असतं तिथे, लायसन्स काढायचं. रेबीजची लस पोर्तुगालमध्येही सक्तीची आहे. रॉटवायलर, पिटबुल, स्टॅफर्डशायर वगैरे सात जाती धोकादायक यादीत आहेत, त्यांना विमा, मझल, वेगळं लायसन्स, सगळं वाढीव. पीडीएफमध्ये ह्यातलं एक अक्षर नव्हतं.

तब्येतीचं तर त्याहून महत्त्वाचं. लिस्बनच्या बागांत आणि मोन्सांतोच्या जंगलात पाइनची झाडं पुष्कळ, आणि साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये त्यांच्यावरून केसाळ सुरवंट रांग करून खाली उतरतात, एकामागे एक. कुत्र्याने नाक लावलं किंवा जीभ लागली तर त्या केसांनी जीभ सुजते, जिभेचा भाग मरूही शकतो, तात्काळ डॉक्टर गाठायला लागतो. आपल्या कुत्र्याला जमिनीवरचं सगळं हुंगायची सवय, त्या दिवसांत पट्टा आखूड धरा आणि पाइनखाली जाऊच नका. दुसरं लेशमानिया, वाळूमाशीच्या चाव्यातून होतो, त्यासाठी वेगळी कॉलर मिळते आणि लसही आहे, पहिल्याच भेटीत डॉक्टरला विचारा. गोव्यात आपण गोचीड बघतो, तिकडे ह्या माशीवर लक्ष ठेवायचं.

शहर मात्र कुत्र्याला मानणारं आहे. २०१७ पासून तिथल्या कायद्यात प्राणी म्हणजे वस्तू नव्हे, संवेदना असलेला जीव, असं लिहिलंय, आणि २०१८ पासून मालकाची तयारी असेल तर रेस्टॉरंटच्या आतही कुत्रा नेता येतो. बाहेरच्या टेबलांवर तर कॉफी येण्याआधी कुत्र्याला पाण्याची वाटी येते. चिकूला अवघड गेल्या त्या वेगळ्याच गोष्टी. तिकडचे फुटपाथ छोट्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडांचे आणि शहर सगळं चढउताराचं, पाऊस पडला की आपणही घसरतो आणि कुत्राही, नखं वेळच्या वेळी कापा आणि पायांखालचे केस वाढू देऊ नका. हिवाळ्यात बऱ्याच घरांत हीटिंग नसतं, फरशी बर्फ, आखूड केसांच्या गावठीला स्वेटर लागतोच. बीचवर मनाला येईल तसं सोडता येत नाही, उन्हाळ्याच्या सीझनमध्ये बहुतेक किनाऱ्यांवर कुत्र्यांना बंदी असते, काही मोजके किनारे त्यांच्यासाठी ठेवलेत. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर संध्याकाळी धावलेल्या कुत्र्याला हे समजायला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त बावरला तो शांततेने. रस्त्यावर दुसरे कुत्रे मोकळे नाहीत, रात्री लांबून भुंकणं नाही, त्यामुळे जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं तरी हा भुंकायचा आणि खालच्या आजी दार उघडून बघायच्या. आम्ही त्यांच्याकडे नेवऱ्या घेऊन गेलो, चिकूला सोबत नेलं, त्यांनी त्याला हुंगू दिलं, त्यानंतर तो त्यांच्या पावलांना भुंकत नाही. क्रेट अजून घरातच आहे, दार काढलेला, आतमध्ये तीच गोधडी, जूनमध्ये संत अंतोनीच्या जत्रेचा आवाज सुरू झाला की तो आपणहून त्यात जाऊन झोपतो, म्हणून लिस्बनला पोचलात की क्रेट विकू नका, निदान पहिलं वर्ष.

पैशाचं म्हणाल तर पूर्ण पॅकेज लाखांतच जातं, त्यातून पिकअप, क्रेट, बोर्डिंग म्हणजे कुत्र्याला त्यांच्याकडे ठेवणं, आणि सपोर्ट वगळून नुसते कागद, कार्गो आणि तिकडचा क्लिअरन्स घेतला तर बराच फरक पडतो. कोटेशन एकरकमी घेऊ नका, प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा, विशेषतः तिकडच्या विमानतळावरचा खर्च त्यात धरलाय का ते, कारण तो नंतर निघाला की तुम्ही नाही म्हणू शकत नाही. आणि स्विंडनला किंवा इंग्लंडात दुसरीकडे जाणारे आपले लोक पुष्कळ आहेत म्हणून सांगते, तिकडे चिप, लस, टायटर आणि तीन महिने असंच आहे, पण विमानाने कुत्रा फक्त कार्गोतूनच आत येतो, आणि पोचायच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरने टेपवर्मचं औषध देऊन वेळेसकट नोंद करायला लागते. एजंटला हा वेगळा दर आहे का ते पहिल्याच फोनवर विचारा, आणि फोन सेल्सवाल्याने उचलला तर कागदपत्रं बघणाऱ्या माणसाला द्या म्हणा.